पालखी पुढे गेल्यानंतर

आषाढीच्या वाटेवर सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा पहिला मुक्काम पडतो तो नातेपुते येथे. बरडहून निघालेला सोहळा धर्मपुरीजवळ सातारा जिल्हा मागे टाकतो, शिंगणापूर फाट्यावर विसावतो आणि संध्याकाळी नातेपुत्यास पोचतो. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरचे गोल रिंगण आटोपून तो माळशिरसकडे सरकतो. माळशिरस तालुक्यातील या गावी त्या एका रात्री गावच्या वस्तीच्या कितीतरी पट माणसे उतरलेली असतात. शाळांचे वर्ग, देवळांचे ओटे, घरांच्या पडव्या आणि मोकळी रानेही भरून जातात. आणि या लोकांच्या मागोमाग, कित्येकदा त्यांच्याही आधी, सेवाभावी संस्थांची पथके येऊन दाखल झालेली असतात.

ही पथके जे काम करतात त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. फुटलेल्या टाचांना मलम लावणे, सुजलेल्या पिंढऱ्या चोळून देणे, ताप-जुलाबावर औषध देणे, रक्तदाब पाहणे, पिण्याचे पाणी पुरवणे, फिरती शौचालये उभी करणे आणि पालखी हलल्यावर तळाची सफाई करणे, ही सगळी कामे डॉक्टर, परिचारिका, विद्यार्थी आणि साधे कार्यकर्ते पदरमोड करून करीत असतात. अलीकडच्या वर्षांत शासनानेही या कामी मोठी यंत्रणा उतरवली आहे. २०२३ साली ‘आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी’ या नावाने आरोग्य खात्याने पालखीमार्गावर आणि पंढरपुरात तपासणीची व्यापक व्यवस्था केली. वारकऱ्याची सेवा ती विठ्ठलाचीच सेवा, ही महाराष्ट्राची जुनी श्रद्धा आहे आणि तिच्यामुळे जितके हात कामाला लागतात तितके कोणत्याही शासकीय आदेशाने लागणार नाहीत.

या सेवेला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात पंढरीची यात्रा आणि पटकीची साथ यांची जोडी लोकांच्या मनात पक्की बसलेली होती. यात्रा पांगली की रोग गावोगाव पांगे आणि माणसे मरीआईच्या देवळाकडे धाव घेत. वेशीबाहेरची मरीआईची ठाणी त्या भयाची साक्ष देत आजही उभी आहेत. पुढे पाण्याचे शुद्धीकरण आले, यात्रेकरूंना पटकीची लस टोचण्याची पद्धत आली, तात्पुरते दवाखाने आले, आणि ज्या यात्रेचे नाव काढताच एके काळी आरोग्य खात्याच्या पोटात गोळा उठत असे, ती यात्रा आज लाखोंच्या संख्येने सुखरूप पार पडते. सार्वजनिक आरोग्याचा हा मोठा विजय आहे. पण त्याची वार्ता कोणी देत नाही, कारण न आलेल्या साथीची बातमी होत नसते.

पंढरपूर परिसराची दानधर्माची परंपराही केवळ अन्नछत्रापुरती नाही. १८७५ साली, त्या काळी तेथे न्यायखात्यात असलेल्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने पंढरपुरात अनाथ अर्भकांसाठी आश्रम सुरू झाला. पुढे प्रार्थना समाजाने तो चालविला आणि वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने तो महाराष्ट्रास परिचित झाला. त्याआधी बारा वर्षे, १८६३ मध्ये, जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. या दोन्ही संस्थांचे वैशिष्ट्य असे, की समोर आलेले दुःख निवारून त्या थांबल्या नाहीत. ते दुःख ज्या रूढीतून जन्मते त्या रूढीकडेही त्यांनी बोट दाखवले. विधवेच्या पोटी आलेले मूल उकिरड्यावर का टाकले जाते, हा प्रश्न त्यांनी समाजाला विचारला. सेवा आणि प्रश्न यांची ही जोडी ज्या संस्थेने राखली तिचे काम टिकले, असे महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा दाखला सांगतो.

या कसोटीवर पालखीमार्गावरील आरोग्यसेवा तपासली तर एक प्रश्न टाळता येत नाही. पालखी पुढे गेल्यानंतर नातेपुत्याचे काय? तेथे एका रात्री डॉक्टरांची रांग लागते. उरलेल्या ३६४ दिवसांत त्या गावाच्या, आणि त्याहून अधिक त्याच्या भोवतीच्या वाड्या-वस्त्यांच्या आरोग्याची काळजी कोणी वाहायची? वारीत रक्तदाब तपासून घेतलेल्या वृद्धास तो वाढलेला आहे असे सांगण्यात येते, चार दिवसांच्या गोळ्या देण्यात येतात आणि तो पुढच्या मुक्कामाला चालू लागतो. रक्तदाब चार दिवसांचा नसतो. मधुमेह मुक्काम पाहून येत नाही. गरोदर बाईच्या अंगातले रक्त आषाढातच कमी झालेले असते असेही नाही. शिबिर हे निदानाचे साधन आहे. आरोग्य मात्र रोजच्या व्यवहारातून घडते. हा भेद ज्या संस्थेच्या ध्यानात येत नाही, तिच्या अहवालात तपासलेल्या रुग्णांचे आकडे दरवर्षी वाढत जातात आणि गाव होते तेथेच राहते.

हा भेद ओळखून काम उभे केल्याचे उदाहरण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. सोलापूरला लागून असलेल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात जामखेड आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. त्याआधी त्यांनी त्याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम केले होते, आणि तेथेच त्यांच्या मनात शंकेने घर केले होते. बरे करून पाठवलेले मूल काही महिन्यांनी त्याच आजाराने पुन्हा दारात येते, कारण ज्या पाण्याने आणि ज्या उपासमारीने ते आजारी पडले ती घरी तशीच असते. मग आपण नेमके काय बरे केले? या शंकेचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला, आणि परतल्यावर मोठ्या शहराची वाट न धरता अवर्षणाने गांजलेला जामखेड तालुका निवडला. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांचे काम सुरू झाले.

त्यांनी प्रारंभी जी योजना आखली होती ती आपल्याकडे रूढ असलेलीच होती. शिकलेल्या परिचारिकेने खेड्यात राहावे आणि लोकांना आरोग्य शिकवावे. ती फसली. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला खेड्यात एकटीने राहणे अवघड होते आणि गावच्या बायका तिच्याजवळ मन मोकळे करीत नव्हत्या. तेव्हा गावानेच निवडलेल्या, त्याच गावात नांदणाऱ्या बाईला शिकवावे हा विचार पुढे आला. या बायका बहुधा निरक्षर होत्या. त्यांपैकी अनेक दलित जातींतल्या होत्या. आठवड्यातून ठरावीक दिवशी त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत आणि शिकत. जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाईची जोखीम कोणत्या लक्षणांवरून ओळखावी, नाळ कशी कापावी, कुष्ठरोगाचा चट्टा कसा असतो, हे सारे अक्षराच्या आधारावाचून त्यांनी आत्मसात केले. एका ताटात जेवल्याने जातीची भिंत जितकी खचली तितकी ती व्याख्यानांनी खचली नव्हती.

यातील खरी क्रांती कोठे होती हे नीट पाहिले पाहिजे. औषधे नवी नव्हती. उपचारही नवे नव्हते. नवे होते ते इतकेच, की वैद्यकीय ज्ञान ही डॉक्टरची मालमत्ता नाही, असे एका डॉक्टरने मान्य केले. १९७२ च्या दुष्काळात या प्रकल्पाने अन्नछत्रे चालवली, पाण्यासाठी विंधनविहिरी घेतल्या. हातपंप बसवताना तो शक्यतो दलित वस्तीत बसावा अशी युक्ती करण्यात आली. पाणी हवे तर साऱ्या गावाला त्या वस्तीत यावे लागले. एका हातपंपाने स्वच्छ पाणीही दिले आणि शिवाशिवीच्या रूढीलाही धक्का दिला. शेतकऱ्यांची मंडळे निघाली, महिलांची मंडळे निघाली, झाडे लावली गेली. आरोग्याचे काम म्हणता म्हणता गावाच्या साऱ्या व्यवहाराला त्याने हात घातला.

फळ काय मिळाले? प्रकल्पाच्या गावांत १९७१ च्या सुमारास जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. वीस-पंचवीस वर्षांत हे प्रमाण तिसाच्या आत आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकसहभागातून आरोग्य साधणाऱ्या जगातील निवडक प्रयोगांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जामखेडचा समावेश होता. १९७८ साली आल्माआटा येथील परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा काढला, त्यातील मुख्य कल्पना जामखेडमध्ये त्याआधीच आचरणात आलेल्या होत्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्यसेविकेने वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केले. सभागृहातील झगमगत्या झुंबरांची तुलना त्यांनी आपल्यासारख्या मिणमिणत्या पणत्यांशी केली. झुंबर महाग आणि जागचे हलत नाही. पणती स्वस्त, आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आरोग्यशास्त्रावरील अनेक ग्रंथांत जे सापडत नाही ते या एका उपमेत आले आहे.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. आरोळ्यांसारखी माणसे गावोगाव मिळत नाहीत. व्यक्ती गेली की संस्था ओसरते. तेव्हा एका जामखेडवरून राज्याने काय शिकावे? आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धेच. शासनाने हा धडा दोनदा गिरवला आहे. पहिल्यांदा २ ऑक्टोबर १९७७ रोजी, जनता सरकारच्या काळात, ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्याची देशव्यापी योजना सुरू झाली. निवड गावाने करायची होती. ती बहुतेक ठिकाणी पुढाऱ्यांनी केली. काम मुख्यतः माता-बालकांचे, आणि निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. महिना पन्नास रुपये मानधन आणि औषधाची पेटी एवढ्यावर योजना रेंगाळली, तिचे नाव बदलले आणि अखेर ती विस्मृतीत गेली. दुसऱ्यांदा २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि ‘आशा’ हे पद निर्माण झाले. या वेळी बाईच निवडायची, ती गावचीच असायची, हे पक्के करण्यात आले. आज देशात सुमारे दहा लाख आशा आहेत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला.

गौरव झाला, पण मोबदल्याचा प्रश्न सुटला नाही. करोनाच्या काळात दारोदार फिरलेल्या याच आशांना २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये महाराष्ट्रात संप करावा लागला. स्वयंसेविका म्हणायचे आणि काम मात्र नोकराहून अधिक घ्यायचे, ही नीती फार काळ चालत नाही. तथापि मोबदल्याइतकीच महत्त्वाची दुसरी उणीव आहे, आणि तिच्याकडे सेवाभावी संस्थांचे लक्ष जाणे अगत्याचे आहे. जामखेडच्या बाईला आठवड्याला जो सहवास मिळत होता, शंका विचारण्याची जी जागा होती, पाठीशी जे रुग्णालय होते, ते आजच्या आशेला कितपत मिळते? तिच्या वाट्याला येतात ती रकाने भरायची कागदे, भ्रमणध्वनीवर भरायची माहिती आणि उद्दिष्टे. जिला गावाची जाणती व्हायचे होते ती खात्याची कारकून झाली.

हे टाळता येते, याचाही पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८६ पासून जे काम उभे केले त्यात खेड्यातील बायकांना नवजात बालकाची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकवण्यात आले. तेथे नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ पर्यंत उतरल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे ती पद्धत आशांमार्फत देशभर नेण्याचे शासनाने ठरवले. सोलापूरच्या शेजारी, तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ‘भारतवैद्य’ या नावाने अशाच ग्रामीण आरोग्यसेविका तयार केल्या. उलट कोकणात मांडवा येथे डॉ. न. ह. अँटिया यांचा याच स्वरूपाचा प्रयोग स्थानिक पुढाऱ्यांच्या विरोधापुढे टिकू शकला नाही. ज्ञान गरिबाच्या हाती गेले की सत्तेचे गणित थोडे तरी बदलते, आणि ते ज्यांना रुचत नाही त्यांना औषधवाटपाची शिबिरे अधिक सोयीची वाटतात, हाही धडा ध्यानात ठेवला पाहिजे.

आता नातेपुत्याकडे वळू. माळशिरस तालुक्याचा पुष्कळसा भाग नीरेच्या कालव्याने भिजलेला आहे. ऊस आहे, साखर कारखाने आहेत, अकलूजसारखी व्यापारी पेठ आणि तेथे उपजिल्हा रुग्णालय आहे. जामखेडसारखे दारिद्र्य येथे नाही, असे कोणी म्हणेल. पण या समृद्धीतच येथील आरोग्याचा सर्वांत बिकट प्रश्न दडलेला आहे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या या पट्ट्यात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पाच-सहा महिने फडाच्या कडेला कोप्यांत राहतात. त्या काळात जी बाई गरोदर असते, जे मूल कोपीत जन्मते, त्याची नोंद कोणाच्या वहीत होते? तिच्या गावची आशा दूर राहिली. आणि येथील आशेच्या यादीत ती नाही. आपली सारी ग्रामीण आरोग्यव्यवस्था माणूस एका गावी राहतो हे गृहीत धरून रचलेली आहे. जो गावीच राहत नाही तो व्यवस्थेच्या फटीतून खाली पडतो.

तो किती खोल पडतो हे २०१९ साली उघड झाले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडला की दंड, फडात शौचालय नाही, पाणी नाही, दुखणे अंगावर काढायचे, आणि अखेर पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मानायचा. ज्या दुखण्यांवर वेळीच साधा उपचार झाला असता, त्यांचा शेवट शस्त्रक्रियेत झाला. विशेष म्हणजे ज्या जामखेडने जगाला आरोग्याचा धडा दिला त्याच अवर्षणग्रस्त पट्ट्यातून या टोळ्या येतात. गावात आरोग्यसेविका उभी राहिली. पण पोटासाठी गाव सोडावेच लागले तर तिची ओंजळ तेथवर पोचत नाही.

सेवाभावी संस्थांना खरे क्षेत्र येथे आहे. आषाढात पालखीतळावर जी पथके येतात, त्यांनी मार्गशीर्ष-पौषात त्याच परिसरातील फडांवर का जाऊ नये? चालून थकलेल्या वारकऱ्याच्या पायांना तेल लावणे पुण्याचे, तर डोक्यावर मोळी वाहून वाकलेल्या बाईची प्रकृती विचारणे कमी पुण्याचे खचितच नाही. त्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. कोप्यांच्या प्रत्येक तळावर, टोळीतीलच एका जाणत्या बाईला निवडून प्राथमिक ज्ञान आणि औषधाची पेटी देता येईल. ती टोळीबरोबर फिरेल. गरोदर बायका आणि लहान मुले यांची नोंद असलेले एक साधे कार्ड तिच्याजवळ राहील आणि ते कोणत्याही जिल्ह्यातील दवाखान्याने ओळखावे. कारखान्याने पाण्याची आणि शौचालयांची सोय करावी हा आग्रह संस्थेने धरावा; देणगीसाठी कारखान्याकडे जाणाऱ्या संस्थेला हा आग्रह धरणे जड जाईल, पण तिची कसोटी तेथेच आहे. वारीतील तपासणीत ज्यांचा रक्तदाब वा साखर वाढलेली आढळली त्यांच्या नावाची चिठ्ठी त्यांच्या गावच्या आरोग्यकेंद्राकडे पोचेल एवढी व्यवस्था झाली, तरी शिबिराचे काम वाया जाणार नाही. आणि त्या परिसरातील आशांसाठी महिन्यातून एक दिवस शिकण्याचा, शंका विचारण्याचा आणि मन मोकळे करण्याचा ठेवला, तर जामखेडचा गाभा नातेपुत्यात आणल्यासारखे होईल.

यात शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी करावयाचे कामही थोडे नाही. कोपीवरचे मूल शाळेत आणणारा शिक्षक त्याच्या लसीची चौकशी करू शकतो. ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा कारखाना यांच्या कचेरीत बसणारा कर्मचारी जन्ममृत्यूची नोंद नाकारली जाणार नाही याकडे पाहू शकतो. नातेपुत्यास आता नगरपंचायत आहे. नव्या संस्थेला नव्या प्रथा पाडण्याची संधी असते. सेवा ही केवळ डॉक्टरांची मक्तेदारी नव्हे, हे निरक्षर बायकांनी सिद्ध करून दाखवल्यावर शिकलेल्यांनी अंग चोरणे शोभणारे नाही.

दया करणे सोपे असते. दयेची गरज उरणार नाही अशी स्थिती निर्माण करणे कठीण. पालखीतळावर सेवेला उभ्या राहिलेल्या हातांत निष्ठा आहे, शिस्त आहे आणि लोकांचा विश्वासही आहे. एका रात्रीचे हे भांडवल वर्षाच्या कामी लावण्याची बुद्धी आणि चिकाटी तेवढी हवी. करोनाच्या दोन वर्षांत, २०२० आणि २०२१ मध्ये, पादुका एस.टी. बसने पंढरीस गेल्या. वारकरी घरी राहिले आणि तरीही वारी चुकली असे कोणी मानले नाही. मग शिबिर नसतानाही सेवा चालू ठेवता येईल, हे मानणे अवघड का वाटावे? पंढरीची वाट पंधरा-वीस दिवसांत संपते. ऊसतोडीची वाट दरवर्षी पाच-सहा महिने चालते, आणि तिच्यावर अद्याप एकही मुक्काम बांधलेला नाही.